जॅकीने शर्ट उलटा का घातला?



इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि पाठ न होणाऱ्या सनावळ्या येतात. आज आम्ही सांगणार आहोत तो इतिहास खेळाच्या मैदानावरचा आहे, आणि त्यात मुद्दा आहे बाईच्या मेहनतान्याचा. जिची ही गोष्ट आहे तिचं नाव जॅकलिन सिल्वा. तिला सगळे जॅकी म्हणतात. तिचा देश ब्राझील आणि तिचा खेळ व्हॉलीबॉल.

ब्राझील म्हणजे दक्षिण अमेरिकेतला भलामोठा देश. आपल्यापासून फार लांब. पण आपल्या कोकणात आणि गोव्यात बायका ज्या काजूच्या बिया फोडतात, तो काजू मूळचा तिथलाच. पोर्तुगिजांनी तो गोव्यात आणला. गोव्यावर जसं पोर्तुगिजांचं राज्य होतं, तसंच ते ब्राझीलवरही होतं. तिथले लोक आजही पोर्तुगीज भाषा बोलतात.

व्हॉलीबॉल काय ते तुम्हाला सांगायला नको. दोन खांब, मध्ये जाळी आणि एक बॉल. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर गावातली पोरं खेळताना आपण रोज बघतो. मुलीही खेळतात, पण बहुतेकींचा खेळ शाळेबरोबरच सुटतो. हा खेळ १८९५ साली अमेरिकेत विल्यम मॉर्गन नावाच्या व्यायाम शिक्षकाने काढला. जाळीच्या एका बाजूला सहा जण आणि दुसऱ्या बाजूला सहा जण. १९६४ साली जपानमधल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा आला, पुरुषांचाही आणि बायकांचाही. ऑलिंपिकमध्ये बायकांचे एकेकटीने खेळायचे खेळ होते, पण संघाने खेळायचा हा बायकांचा पहिलाच खेळ. त्या वर्षी सुवर्णपदक मिळवलं जपानच्या मुलींनी, आणि त्यातल्या बहुतेक एका कापड गिरणीच्या संघातल्या होत्या. दिवसा गिरणीत काम करायचं आणि सुटी झाली की रात्री उशिरापर्यंत सराव. म्हणजे या खेळात बायकांचं पहिलं सोनं आलं ते कामकरी मुलींच्या हातून.

आता ब्राझीलकडे येऊ. तिथे १९४१ साली सरकारने एक कायदा केला. बाईच्या प्रकृतीला जे खेळ मानवत नाहीत ते तिने खेळायचे नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. कोणते मानवतात आणि कोणते नाहीत, हे अर्थातच बायकांना विचारून ठरलं नव्हतं. पुढे १९६५ साली यादीच निघाली. फुटबॉल नको, कुस्ती नको, वजन उचलणं नको. घरात आणि शेतात वजन उचललेलं मात्र चालत होतं! व्हॉलीबॉल त्या यादीत नव्हता. या खेळात मध्ये जाळी असते, अंगाला अंग लागत नाही, त्यामुळे तो मुलींसाठी सोज्वळ समजला जायचा. ही बंदी उठली १९७९ साली.

जॅकीचा जन्म १९६२ चा, रिओ दि जानेरो या समुद्रकाठच्या शहरातला. म्हणजे बंदी उठली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. रिओच्या फ्लामेंगो क्लबात ती लहानपणापासून व्हॉलीबॉल खेळत होती. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, ती ब्राझीलच्या संघातून मॉस्को ऑलिंपिकला गेली. ब्राझीलच्या बायकांचा व्हॉलीबॉल संघ ऑलिंपिकला जाण्याची ती पहिलीच वेळ. १९८४ साली लॉस एंजेलिसलाही ती होती.

संघात जॅकीचं काम सेटरचं. सेटर म्हणजे बॉल वर उचलून देणारी. तिने नेमका उचलून दिला की दुसरी उडी मारून स्मॅश करते आणि टाळ्या पडतात त्या स्मॅश करणारीला. पंगतीत वाढणारीचं कौतुक होतं, चुलीपुढे पोळ्या लाटणारी आतच राहते, त्यातलाच प्रकार. पण जाणकारांना माहीत असतं की सेटर चांगली नसेल तर संघ उभा राहत नाही. जॅकी त्या कामात फार तरबेज होती.

त्या काळात ब्राझीलच्या व्हॉलीबॉलमध्ये पहिल्यांदा मोठा पैसा येऊ लागला होता. सामने टीव्हीवर दिसू लागले. कंपन्या पुढे आल्या, संघांना पैसे देऊ लागल्या आणि खेळाडूंच्या शर्टावर त्यांची नावं झळकू लागली. पुरुषांचा संघ १९८२ च्या जागतिक स्पर्धेत दुसरा आला, १९८४ च्या ऑलिंपिकमध्येही त्याने रौप्यपदक आणलं. देशभर त्यांचा जयजयकार झाला.

जाहिरात पुरुषांच्या शर्टावर होती तशी बायकांच्या शर्टावरही होती. पुरुष खेळाडूंना त्याचे पैसे मिळत होते, बायकांना मिळत नव्हते. जॅकीने विचारलं, असं का? तिला उत्तर मिळालं नाही. मग एके दिवशी ती सरावाला आली ती शर्ट उलटा घालून. कंपनीचं नाव आतल्या बाजूला आणि शिवण बाहेर. तुम्ही माझ्या अंगावर जाहिरात लावता, तर तिचे पैसे द्या; देणार नसाल तर मी ती दाखवणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिने आरडाओरडा केला नाही की खेळायचं सोडलं नाही. पण तेवढ्यावरून तिला देशाच्या संघातून काढून टाकण्यात आलं.

आता कोणी म्हणेल, पुरुषांनी पदक आणलं होतं. बायकांचा संघ तर दोन्ही ऑलिंपिकमध्ये सातवा आला होता, तोही आठ संघांत. मग पैसे कशाचे मागायचे? प्रश्न वरवर रास्त वाटतो, आणि आपल्याकडेही तो वेगळ्या शब्दांत ऐकू येतो. गडी जास्त काम उरकतो, म्हणून त्याला मजुरी जास्त, असं आपल्याला सांगतात ना? दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, जाहिरात जेवढी पुरुषाच्या शर्टावर दिसते तेवढीच बाईच्या शर्टावर दिसते. कापडाला पदक कळत नाही. पैसे जाहिरातीचे होते, पदकाचे नव्हते. दुसरी गोष्ट, ज्या खेळाडूला पैसे मिळतात त्याला पोटाची चिंता न करता सराव करता येतो. ज्या रोपाला पाणी घातलं ते वाढलं, आणि ज्याला घातलं नाही ते खुरटलं, तर दोष रोपाचा म्हणायचा का?

संघातून काढल्यावर जॅकीपुढे मोठा प्रश्न उभा राहिला. वय अवघं बावीस-तेवीस. खेळाशिवाय दुसरं काही केलेलं नाही, आणि आपल्याच देशात त्या खेळाचं दार बंद. ती काही काळ इटलीत एका क्लबाकडून खेळली आणि मग अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेली. तिथे समुद्रकिनाऱ्यावर वाळूत व्हॉलीबॉल खेळतात. त्यालाच बीच व्हॉलीबॉल म्हणतात. जॅकीचं रिओही किनाऱ्याचंच शहर, वाळू तिला नवी नव्हती. पण किनाऱ्यावर हौसेने खेळणं वेगळं आणि त्यावर पोट भरणं वेगळं.

हॉलमधल्या आणि वाळूतल्या खेळात काय फरक आहे, ते थोडं समजून घेऊ. हॉलमध्ये एका बाजूला सहा जणी असतात, वाळूत फक्त दोघी. सहा जणींत कामं वाटलेली असतात. दोघींत सगळ्यांनाच सगळं करावं लागतं. बॉल झेलायचा, उचलायचा, मारायचा, अडवायचा. दमलं म्हणून बदलीला दुसरी येत नाही. सामना चालू असताना बाहेरून प्रशिक्षकाने सांगायचं नाही, असा त्या काळी नियम होता. काय करायचं ते दोघींनीच ठरवायचं. वर ऊन, वारा बॉल भलतीकडे नेतो, आणि वाळूत पाय रुततो. नदीच्या पात्रातून डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्यांना वाळू पायाची किती ताकद खाते ते वेगळं सांगायला नको. तिथे या बायका धावत होत्या आणि उड्या मारत होत्या.

आयुष्यभर दुसरीला बॉल उचलून देणारी जॅकी इथे सगळी कामं शिकली. स्वतः स्मॅश मारू लागली. संघात एकच काम करणारी बाई आता अख्खा खेळ पेलू लागली. कोणीतरी आपल्याला काढून टाकेल ही भीतीही इथे कमी होती, कारण जोडीदार आपणच निवडायची.

पण हे जमलं त्यामागे आणखी एक कारण आहे, आणि बचत गटातल्या बायकांनी ते जरूर ऐकावं असं आम्हाला वाटतं. अमेरिकेत वाळूतल्या पुरुष खेळाडूंच्या स्पर्धा आधीपासून होत्या, त्यांना बक्षिसाचे पैसे होते. बायकांचं तसं नव्हतं. म्हणून १९८६ साली खेळाडू बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली. महिला व्यावसायिक व्हॉलीबॉल संघटना असं तिचं नाव मराठीत सांगता येईल. स्पर्धा भरवायच्या, जाहिरातदार शोधायचे, बक्षिसाची रक्कम ठरवायची, हा सगळा कारभार संघटनेने सुरू केला. ब्राझीलहून आलेल्या जॅकीला उभं राहायला जागा मिळाली ती यामुळे. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून रौप्यपदक मिळवलेली लिंडा चिशोम तिची जोडीदार झाली. ऑलिंपिकमध्ये दोघी वेगवेगळ्या देशांकडून खेळल्या होत्या, आता एका बाजूला आल्या आणि स्पर्धांमागून स्पर्धा जिंकू लागल्या.

ती संघटना कायम टिकली असं नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पैशाअभावी ती बंद पडली. संस्था उभी करणं आणि तिचा हिशेब वर्षानुवर्षं पेलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण आपल्या गटांतही बघतो. पण जी काही वर्षं ती चालली, त्या वर्षांत कितीतरी बायकांना खेळ हा कमाईचा धंदा म्हणून करता आला. जॅकी त्यांच्यातलीच एक.

इकडे वाळूतल्या खेळाचा मान वाढत होता. १९९३ मध्ये ठरलं की १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये बीच व्हॉलीबॉल घ्यायचा, आणि पहिल्याच वर्षी पुरुषांचा आणि बायकांचा दोन्ही घ्यायचा. ऑलिंपिकला देशाच्या नावाने जावं लागतं. म्हणजे जॅकीला आता ब्राझीलचीच जोडीदार हवी होती. तिने रिओच्याच सांद्रा पिरेसची निवड केली. सांद्रा जॅकीपेक्षा अकरा वर्षांनी लहान. एकीकडे अनुभव, दुसरीकडे तरुण पाय. सासू-सुनेची जोडी जमली तर घर कसं धावतं, तसं यांचं झालं. १९९५ साली या दोघी जगभरच्या स्पर्धांच्या मालिकेत पहिल्या आल्या, १९९६ सालीही पहिल्याच.

अटलांटात बायकांच्या अठरा जोड्या होत्या. समुद्र तिथून लांब, म्हणून शहराबाहेर एका तळ्याकाठच्या बागेत वाळूची मैदानं केली होती. २७ जुलै १९९६ ला अंतिम सामना झाला. एका बाजूला जॅकी आणि सांद्रा, दुसऱ्या बाजूला मोनिका रॉड्रिग्ज आणि आद्रियाना सॅम्युएल. या दोघीही ब्राझीलच्याच! म्हणजे सामना सुरू होण्याआधीच एक गोष्ट ठरली होती, सोनं आणि चांदी दोन्ही ब्राझीलच्या बायकांकडेच जाणार. यातल्या आद्रियानाचा भाऊ तांदे हाही व्हॉलीबॉलपटू. १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये ब्राझीलच्या पुरुष संघाने सुवर्णपदक मिळवलं, त्या संघात तो होता.

पहिला डाव अगदी अटीतटीचा झाला. १२ विरुद्ध ११. एका गुणाने तो जॅकी-सांद्राकडे गेला. दुसरा त्यांनी १२ विरुद्ध ६ असा जिंकला. जॅकी तेव्हा चौतीस वर्षांची होती.

या पदकाचं मोल कळायचं तर थोडं मागे जावं लागेल. ब्राझील ऑलिंपिकला पहिल्यांदा गेला १९२० साली, आणि त्याच वर्षी त्यांच्या एका पुरुषाने नेमबाजीत सुवर्णपदक आणलं. ब्राझीलची पहिली बाई ऑलिंपिकला गेली १९३२ साली. मारिया लेंक नावाची सतरा वर्षांची पोहणारी मुलगी. अख्ख्या दक्षिण अमेरिकेतून ऑलिंपिकला गेलेली ती पहिली बाई. त्या वेळी देशाकडे पैसा नव्हता, म्हणून खेळाडूंच्या जहाजात कॉफीची पोती भरली होती. वाटेत कॉफी विकायची आणि खर्च भागवायचा. त्यानंतर १९४१ ची बंदी आली. १९३२ पासून १९९६ पर्यंत चौसष्ट वर्षांत ब्राझीलच्या एकाही बाईला ऑलिंपिकचं सुवर्णच काय, कुठलंच पदक मिळालं नव्हतं. ते दार उघडलं या चौघींनी. आणि पहिलं सोनं ज्या दोघींच्या गळ्यात पडलं, त्यांतली एक होती शर्ट उलटा घातला म्हणून घरी पाठवलेली जॅकी.

पुढच्या वर्षी, १९९७ मध्ये, याच जोडीने लॉस एंजेलिसला जागतिक स्पर्धाही जिंकली. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला ब्राझीलचा झेंडा हातात घेऊन सांद्रा पिरेस चालली. ब्राझीलचा झेंडा ऑलिंपिकमध्ये बाईच्या हाती येण्याची ती पहिलीच वेळ.

तुमच्यापैकी काहींच्या मनात एक प्रश्न आला असेल. टीव्हीवर या खेळात बायकांचे कपडे फार तोकडे दिसतात, आपल्या मुलींनी असं कसं खेळायचं? प्रश्न खरा आहे. बराच काळ नियमच तसा होता, पोहण्याच्या कपड्यांसारखे कपडे घालायचे. बाईने काय घालावं हे इथेही दुसऱ्यांनीच ठरवलेलं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकआधी नियम बदलला आणि गुडघ्याच्या जवळ येणारी चड्डी आणि बाह्यांचा शर्टही चालू लागला. २०१६ चं ऑलिंपिक जॅकीच्याच रिओ शहरात झालं. तिथे इजिप्तची दोआ अल्घोबाशी डोक्याला हिजाब बांधून, पूर्ण अंग झाकून खेळली. समोरच्या जर्मन खेळाडू त्यांना सोयीच्या कपड्यांत होत्या. एकाच मैदानावर दोन्ही रीती दिसल्या. ज्या बाईला जे सोयीचं ते तिने घालावं, इतकी साधी गोष्ट मान्य व्हायला इतकी वर्षं लागली.

पैशाचं काय झालं, तेही सांगतो. एका सुवर्णपदकाने सगळं सारखं झालं असं नाही. जगात कितीतरी खेळांत आजही बायकांना कमी मिळतं. आपल्या देशात क्रिकेट मंडळाने पुरुष आणि महिला खेळाडूंची प्रत्येक सामन्याची फी सारखी केली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. म्हणजे जॅकीने विचारलेला प्रश्न सुटायला आपल्याकडे पस्तीसहून जास्त वर्षं गेली, आणि तोही सामन्याच्या फीपुरताच सुटला. वर्षाच्या कराराच्या रकमेत तेव्हाही मोठा फरक होता. समान कामाला समान मोबदला असा कायदा मात्र आपल्याकडे १९७६ सालीच झाला होता. रोजगार हमीच्या कामावर बाईला आणि गड्याला एकच दर असतो, तो कोणाच्या मेहेरबानीने नाही. खासगी शेतावर काय दर मिळतो ते तुम्हीच जाणता.

ही गोष्ट सांगताना आम्हाला एक काळजी वाटते. कोणी यातून असा अर्थ काढेल की आवाज उठवला की शेवटी सोनं मिळतंच. तसं होत नाही. शर्ट उलटा घातल्याची किंमत जॅकीने मोजली. उमेदीच्या वर्षांत देशाच्या सहा जणींच्या संघातली तिची जागा गेली आणि दूर परक्या देशात राहून खेळावं लागलं. तिच्याजागी दुसरी कोणी असती तर कदाचित तिचं नावही आपल्याला कळलं नसतं. मग जॅकी कशाच्या बळावर तरली? आम्ही आमच्या गटांत यावर बोललो तेव्हा तीन गोष्टी पुढे आल्या. तिच्या हातात पक्कं कसब होतं, ते कोणी काढून घेऊ शकलं नाही. दुसरीकडे बायकांनी उभी केलेली संघटना होती, जिथे तिला जागा मिळाली. आणि तिला बरोबरीची जोडीदार मिळाली, आधी लिंडा, मग सांद्रा. हिंमत तर हवीच, पण एकट्या हिंमतीवर बाई फार काळ तग धरत नाही. मागे कसब, संघटना आणि सोबत असेल तरच ती पुढचं पाऊल टाकते.

म्हणून पुढच्या मासिक बैठकीत, बचतीचा हिशेब झाला की, अर्धा तास यावर बोला. आपल्या गावात कोणत्या कामाला बाईला किती आणि गड्याला किती मिळतं, ते एका वहीत शेजारी शेजारी लिहून काढा. खुरपणी, कापणी, वेचणी, बांधकाम, सगळं लिहा. जिथे फरक आहे तिथे कारण विचारा, आणि एकीने न विचारता सगळ्या जणींनी मिळून विचारा. आणि हो, दहावीनंतर ज्या मुलींचा खेळ सुटला त्यांना शाळेच्या मैदानावरची संध्याकाळची एक वेळ मिळते का, हेही ग्रामसभेत मांडा. जाळी आणि बॉल फार महागाचे नाहीत.